आवृत्तींचा विप्रतिषेध

इचलकरंजीच्या यंत्रमागउद्योगाचा आरंभ १९०४ सालापासून, म्हणजे विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला तेव्हापासून, धरला जातो. हा उद्योग पुढे त्या गावाच्या शिवेत मावला नाही. हातकणंगले तालुक्यातील कबनूरसारख्या लगतच्या गावांतही माग उभे राहिले आणि मागांबरोबर एक स्वतंत्र शब्दसृष्टी तेथील मराठीत रुजली. धोटा, कांडी, वही, फणी, बीम, सायझिंग हे वस्तूंचे व क्रियांचे शब्द; कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, घडीवाला, दिवाणजी हे माणसांचे; आणि व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा तो 'खर्चीवाला'. यांतील काही शब्दांचे आयुष्य आता मर्यादित दिसते. बिनधोट्याच्या मागावर आडवा धागा नेण्यास धोटा लागत नाही, आणि धोटा नाही म्हणजे त्यात बसणारी कांडीही नाही. वस्तू गेली की शब्द काही काळ मागे रेंगाळतो व नंतर तोही जातो. अशा शब्दांची नोंद एकदाच होऊ शकते. पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच गावी जाऊन ती पडताळून पाहता येत नाही.

आता असे समजू की, एखाद्या भाषाविज्ञान विभागाने कबनूर येथील विणकरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचे लेखी रूपांतर केले, आणि त्या संहितेतून शब्दांची वारंवारता, शब्दांची अक्षरसंख्या, उसनवार शब्दांचे प्रमाण इत्यादी माहिती काढण्याचे ठरविले. हे काम आज हाताने कोणी करीत नाही. त्यासाठी संगणकावर प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि तो लिहिताना सर्व काही स्वतः लिहिण्याऐवजी इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या लायब्ररी वापरल्या जातात. या लायब्ररींच्या परस्परविरोधी मागण्यांचा उलगडा कसा करावयाचा हा प्रश्न वरवर पाहता केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटतो. तो तसा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती अखेरीस निवडली गेली यावर शब्दसूचीतील आकडे अवलंबून असतात, आणि ते कोणत्याही इशाऱ्यावाचून बदलू शकतात.

'लायब्ररी' या शब्दाचा येथील अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. येथे तो ग्रंथालय या अर्थाने येत नाही. विशिष्ट कार्य करून देणारा, स्वतः चालू न शकणारा परंतु इतर प्रोग्रॅमांत जोडता येणारा असा तयार आज्ञांचा संच म्हणजे लायब्ररी. वाक्याचे शब्दांत तुकडे करणे हे एका लायब्ररीचे काम असू शकते. मोठ्या संख्याकोष्टकांवर गणित करणे हे दुसरीचे. पहिली लायब्ररी दुसरीवर अवलंबून असते, दुसरी तिसरीवर. सर्वांची मिळून जी अखेरची चालू शकणारी जुळणी होते तिला 'बिल्ड' हा शब्द रूढ आहे. येथे तिला बांधणी म्हटले आहे. प्रत्येक लायब्ररीच्या वेळोवेळी नव्या आवृत्त्या निघतात, आणि प्रत्येक लायब्ररी आपल्या अवलंबनांविषयी अट घालते : अमुक लायब्ररी हवी, परंतु तिची आवृत्ती अमुकाच्या पुढची व तमुकाच्या अलीकडची हवी.

विरोध उत्पन्न होतो तो बहुधा पतंगाच्या आकृतीत. वरच्या टोकाला विभागाचा प्रोग्रॅम. डावीउजवीकडे त्याने थेट मागितलेल्या दोन लायब्ररी. आणि खालच्या टोकाला त्या दोघींनाही लागणारी तिसरी. डावी म्हणते, तिसरीची पहिली आवृत्तीच हवी. उजवी म्हणते, दुसरीपेक्षा जुनी चालणार नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तिसरीचे नावही घेतलेले नसते. पुष्कळदा ती अस्तित्वात आहे हे त्याला विरोध उद्भवल्यावरच कळते.

कबनूरच्या विणकराला ही अडचण समजावून सांगण्यास फारसा वेळ लागणार नाही. मागावरील बीम संपला आणि नवा बीमही तितक्याच व तशाच धाग्यांचा असला, तर जुन्या टोकांना नवी टोके गाठून माग पुन्हा चालू करता येतो. वही आणि फणी यांना हात लावावा लागत नाही. परंतु कापडाची जात बदलली, इंचामागील धाग्यांचे प्रमाण बदलले, की सर्व धागे नव्याने वहीतून व फणीतून ओवणे प्राप्त होते. वहिफणी कामगाराचे काम ते हेच. लायब्ररीच्या आवृत्त्यांतही असे दोन प्रकारचे बदल असतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या आणि २०१३ साली दुसऱ्या संस्करणाने स्थिर झालेल्या आवृत्तीक्रमांकाच्या संकेतानुसार आवृत्तीचे तीन आकडे लिहावयाचे असतात. त्यांतील शेवटचे दोन बदलले तर नुसती गाठ मारून भागावे. पहिला बदलला तर सारे पुन्हा ओवावे लागेल असे समजावे. हा संकेत उपयुक्त आहे, तथापि तो लेखकाने दिलेला शब्द आहे, यंत्राने तपासलेली वस्तुस्थिती नव्हे. गाठीने भागेल असे सांगून आलेल्या बीमचे धागेही कधी कधी कमी भरतात.

आणि एक गोष्ट विणकर लगेच सांगेल : एका मागावर एका वेळी एकच फणी बसते. दोन व्यापाऱ्यांची दोन प्रकारच्या कापडांची मागणी आली तर माग दोन लागतील.

मराठीच्या संगणकीय अभ्यासात अशी स्थिती प्रत्यक्ष उद्भवलेली आहे. गौरव अरोरा यांनी २०१९-२० च्या सुमारास भारतीय भाषांसाठी 'आय-एनएलटीके' नावाची लायब्ररी सिद्ध केली. तीत मराठीचाही समावेश आहे. तिची उभारणी 'फास्टएआय' या लायब्ररीच्या पहिल्या मालिकेवर झालेली असून, तिच्या मार्गदर्शिकेत 'टॉर्च' या गणनालायब्ररीची १.३.१ ही आवृत्ती बसविण्यास सांगितलेले आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये फास्टएआयची दुसरी मालिका आली. ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. पहिल्या मालिकेवर उभे असलेले काम तिच्यावर जसेच्या तसे चालत नाही. टॉर्च १.३.१ ची तयार रूपे पायथन या संगणकभाषेच्या ३.७ पर्यंतच्या आवृत्त्यांसाठीच निघाली होती, आणि पायथन ३.७ ची देखभाल २०२३ च्या जूनमध्ये अधिकृतपणे थांबली. दुसऱ्या बाजूला, पुण्याच्या 'एल३क्यूब' या गटाने २०२२ मध्ये 'महाबर्ट' हे मराठीचे भाषाप्रारूप प्रसिद्ध केले. ते वापरण्यासाठी 'ट्रान्स्फॉर्मर्स' ही लायब्ररी लागते, आणि तिच्या २०२३ च्या उत्तरार्धापासूनच्या आवृत्त्या पायथन ३.८ अथवा त्यापुढीलच मागतात. कबनूरच्या संहितेचे तुकडे आय-एनएलटीकेने करावे आणि शब्दांचे अर्थसान्निध्य महाबर्टने मोजावे, शिवाय ट्रान्स्फॉर्मर्सची अद्ययावत आवृत्ती घ्यावी, असे कोणी ठरविले तर ३.७ च्या पुढे जाता येत नाही आणि ३.८ च्या मागे राहता येत नाही. अटींचा छेद रिक्त आहे. येथे कोणत्याही लायब्ररीचा दोष नाही. प्रत्येकीची अट तिच्या काळी योग्यच होती.

इतका उघड विरोध सुदैवाचा म्हणावा लागेल, कारण बांधणी होतच नाही आणि कर्त्याला थांबावे लागते. अधिक अवघड ते विरोध, जे यंत्रणा आपल्या नियमाने परस्पर मिटविते. अशा वेळी कोणता नियम लावला जातो?

व्याकरणाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. एकाच स्थळी दोन सूत्रे लागू होत असतील आणि दोन्ही एकदम लावता येत नसतील, तर काय करावे याचा निर्णय पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्रात दिलेला आहे. तुल्यबळ विरोधात पुढचे कार्य करावे असा त्याचा परंपरागत अर्थ; या विरोधालाच विप्रतिषेध म्हणतात. सूत्रांच्या क्रमाने निर्णय देणारा हा नियम सर्वत्र इष्ट रूपापर्यंत नेत नाही असे आढळल्यावर भाष्यकारांनी 'पर' शब्दाचा 'इष्ट' असाही अर्थ केला. पुढील परंपरेने पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद अशी चढत्या बळाची श्रेणी मांडली. काशीत राहून लिहिणाऱ्या नागोजीभट्ट काळे यांच्या परिभाषेंदुशेखरात या चर्चेचे सविस्तर रूप सापडते, आणि त्या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी विवरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात प्रसिद्ध केले. ऋषी राजपोपट यांनी २०२२ च्या आपल्या केंब्रिज येथील प्रबंधात 'पर' म्हणजे सूत्रपाठात पुढचे नव्हे, तर शब्दात उजवीकडील घटकाला लागणारे, असा अर्थ प्रतिपादिला. तो सर्वमान्य झालेला नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढे पुरे की, विरोध कसा सोडवावा याचा नियम हाही व्याकरणाचाच भाग आहे आणि त्याच्या निवडीने रूप बदलते.

बांधणीच्या यंत्रणांतही निरनिराळ्या परिभाषा चालतात. जावा भाषेच्या जगातील 'मेव्हन' ही यंत्रणा, मूळ प्रोग्रॅमपासून अवलंबनाच्या साखळीत जी मागणी सर्वांत जवळची असेल ती मान्य करते; अंतर सारखे असेल तर जी आधी लिहिली ती. येथे निर्णय सामीप्याचा आहे, योग्यतेचा नव्हे. त्यामुळे दूरच्या लायब्ररीला नवी आवृत्ती हवी असूनही जवळच्या मागणीमुळे जुनी निवडली जाऊ शकते. 'ग्रेडल' सामान्यतः मागितलेल्यांपैकी सर्वांत नवी आवृत्ती घेते. गो भाषेत २०१८ पासून रूढ झालेली पद्धत याहून संयमी आहे : प्रत्येकाने आपली किमान गरज सांगावी आणि त्या किमान गरजांपैकी जी सर्वांत मोठी ती घ्यावी, बाजारात त्याहून नवी आवृत्ती आली असली तरी तिच्याकडे पाहू नये. 'एनपीएम' ही यंत्रणा जावास्क्रिप्टसाठी एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी नांदू देते. पायथनची 'पिप' ही यंत्रणा २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या २०.३ या आवृत्तीपूर्वी खऱ्या अर्थाने विरोध सोडवीतच नव्हती. जी अट प्रथम दृष्टीस पडे तिच्यानुसार ती लायब्ररी बसवी, आणि पुढे विसंगत अट आढळली तर फार तर सूचना देई. त्या काळात केलेल्या कित्येक संशोधनांच्या बांधण्या अशा अर्धवट विसंगत अवस्थेत चाललेल्या असणार, हे मान्य केले पाहिजे.

मेव्हनचा सामीप्याचा नियम आणि व्याकरणातील अंतरंगाचे प्राबल्य यांत सादृश्य दिसते. ते फार ताणू नये. अंतरंग-बहिरंग विचारामागे शब्दसिद्धीच्या स्वरूपाविषयी एक सिद्धांत आहे. मेव्हनच्या नियमामागे सोय आहे. परंतु एका बाबतीत व्याकरणपरंपरेकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे लक्षण, म्हणजे नियम, हे लक्ष्यावर, म्हणजे शिष्टांच्या प्रत्यक्ष प्रयोगावर, पडताळून पाहिले जाते. नियमाने भलतेच रूप सिद्ध झाले तर रूप बदलीत नाहीत, नियमाचा अर्थ पुन्हा लावतात. बांधणी यशस्वी झाली एवढ्यावर समाधान मानणारा अभ्यासक लक्ष्य न पाहता लक्षणावर विसंबतो.

सर्व अटी पाळणारी निवड शोधणे यंत्रालाही सोपे नाही, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. दहा लायब्ररी आणि प्रत्येकीच्या दहा आवृत्त्या घेतल्या तरी शक्य जुळण्या एक हजार कोटी होतात. 'इडॉस' या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, डेबियनसारख्या वितरणातील एखादा घटक बसविता येईल की नाही हा प्रश्न तर्कवाक्यांच्या समाधेयतेच्या प्रश्नाइतकाच कठीण, म्हणजे स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या वर्गाचा पाया घातला त्या वर्गातील आहे. सर्व प्रसंगी जलद चालणारी रीत या वर्गातील कोणत्याही प्रश्नासाठी आजवर सापडलेली नाही. व्यवहारात मात्र बहुतेक बांधण्या काही क्षणांत सुटतात, कारण खऱ्या अटी इतक्या कुटिल नसतात. नताली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली 'पबग्रब' ही रीत विशेष उल्लेखनीय आहे ती वेगापेक्षा दुसऱ्या गुणासाठी. उत्तर नसेल तर ते का नाही, कोणत्या अटीने कोणती वाट अडविली, याची कारणपरंपरा ती वाचनीय वाक्यांत सांगते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे न बोलणाऱ्या विरोधाकडे, वळू. कबनूरच्या संहितेत 'दोऱ्या' हे रूप वारंवार येणार हे उघड आहे : दोऱ्याला, दोऱ्याने, दोऱ्याचा. यातील ऱ्य संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. युनिकोड या संकेतप्रणालीत ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र ऱ आहे. तेच अक्षर साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. आणि तिसरी रीत म्हणजे साधा र, हलन्तचिन्ह व त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या नियमांनी समतुल्य आहेत आणि प्रमाणीकरणाने एकरूप करता येतात. तिसरी त्यांच्याशी समतुल्य मानलेली नाही. प्रमाणीकरण न करणारी लायब्ररी 'दोऱ्याला' या एका शब्दाचे तीन शब्द मोजील आणि प्रत्येकाची वारंवारता कमी दाखवील. संहिता तीन विद्यार्थ्यांनी तीन निरनिराळ्या कळफलकांवर लिहिली असेल तर असे होण्याचा संभव मोठा.

प्रमाणीकरण केले म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही, कारण कोणते प्रमाणीकरण हा प्रश्न उरतो. अनूप कुंचुकुट्टन यांची 'इंडिक एनएलपी लायब्ररी' देवनागरीतील ऱ हा र आणि नुक्ता असा विभागते. मराठीतील ॲ चेही ती अ आणि चंद्र असे दोन भाग करते. युनिकोडचे संयोगी प्रमाणीकरण याच्या उलट र व नुक्ता यांचा ऱ करते, पण ॲ च्या बाबतीत काहीच करीत नाही, कारण तेथे समतुल्यता मानलेली नाही. अर्थात् संहितेचा अर्धा भाग एका वाटेने आणि अर्धा दुसऱ्या वाटेने गेला तर दोन्ही भाग आपापल्या परीने शुद्ध असूनही परस्परांशी जुळणार नाहीत. त्याच इंडिक लायब्ररीत नुक्ता काढून टाकण्याचीही सोय आहे. हिंदीतील अरबी-फारसी शब्दांचे लेखन एकरूप करण्यासाठी ती उपयोगी पडते. मराठीत ती लावली की विभागलेल्या ऱ चा नुसता र उरतो. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यास आणि आचार्यास हे भेद मग नाहीसे होतात. एका भाषेसाठी योग्य असलेली निवड दुसऱ्या भाषेच्या व्याकरणावर असा घाला घालते.

याहून ठळक उदाहरण गुगलने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुभाषिक 'बर्ट' प्रारूपाच्या त्या रूपाचे आहे, ज्यात रोमी लिपीतील मोठ्या-लहान अक्षरांचा भेद काढून टाकलेला होता. त्याबरोबर स्वरांवरील आघातचिन्हेही काढली जात, आणि 'जागा न व्यापणारे चिन्ह' या युनिकोडच्या वर्गातील सर्व चिन्हांना तोच नियम लागे. देवनागरीतील उकार, एकार, अनुस्वार व हलन्त हे याच वर्गात मोडतात. काना, वेलांटी व ओकार मोडत नाहीत. परिणामी धोटा धोटाच राहतो, फणी फणीच राहते, परंतु सूताचे सत होते आणि कबनूरचे कबनर. भेद पाळणारे दुसरे रूप वापरावे अशी शिफारस गुगलने पुढे स्वतःच केली. तथापि लायब्ररी बदलताना अशी पूर्वनिश्चित निवड एका साधनातून दुसऱ्यात गुपचूप येते, आणि बांधणीत त्याविषयी एक अक्षरही उमटत नाही.

तिसरे उदाहरण खुद्द प्रमाणपद्धतीच्या आवृत्तीचे आहे, आणि भाषाविज्ञानाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. शब्दात अक्षरे किती, हे मोजण्यासाठी लायब्ररी युनिकोडच्या लेखनघटकांचे नियम वापरतात. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या १५.१ या आवृत्तीपूर्वी या नियमांप्रमाणे जोडाक्षराचे तुकडे पडत. हलन्त व्यंजन हा एक घटक आणि पुढचे व्यंजन हा दुसरा. त्या हिशेबाने 'यंत्रमाग' या शब्दात यं, त्, र, मा, ग असे ५ घटक होतात. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवणारा नवा नियम आला. आता यं, त्र, मा, ग असे ४. 'कोल्हापूर' ५ चे ४ झाले, 'दोऱ्या' ३ चे २. कबनूर मात्र पूर्वीही ४ होते आणि आजही ४ आहे. म्हणजे बदल सर्व शब्दांवर सारखा पडत नाही. तो जोडाक्षरे असलेल्या शब्दांवर, म्हणून तत्सम आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर अधिक पडतो. उसनवार शब्द मूळ मराठी शब्दांपेक्षा सरासरीने लांब असतात काय, असा प्रश्न एखाद्या प्रबंधात विचारला असेल तर त्याचे उत्तर अंशतः लायब्ररीच्या आवृत्तीने दिलेले असेल.

येथे बांधणीची एक तांत्रिक बाब जोडून सांगणे आवश्यक आहे. सी भाषेतील लायब्ररी लिनक्सवर जोडताना एकाच नावाची दोन कार्ये दोन प्रतींत आढळली तर सामान्यतः जी प्रत आधी दाखल झाली तिचे कार्य सर्वत्र लागू होते. युनिकोडची कामे करणाऱ्या 'आयसीयू' या लायब्ररीने हा धोका ओळखून आपल्या कार्यांच्या नावांना आवृत्तीचा क्रमांक जोडण्याची रीत ठेवली. त्यामुळे तिच्या दोन आवृत्त्या एकाच प्रोग्रॅमात निर्वेधपणे राहू शकतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा उत्तम तोडगा आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात एक सापळा आहे : प्रोग्रॅमाचा एक भाग जुन्या नियमाने अक्षरे मोजतो, दुसरा नव्या नियमाने, आणि दोन्हींचे आकडे एकाच कोष्टकात येऊन बसतात. नामसाम्याचा विरोध मिटला; अर्थाचा तसाच राहिला.

या साऱ्यातून कबनूरच्या कल्पित प्रकल्पाने वाट कशी काढावी? प्रथम अवलंबनांचा संपूर्ण वृक्ष छापून घ्यावा. बहुतेक यंत्रणांत त्यासाठी आज्ञा आहेत, आणि तो वृक्ष न पाहता आवृत्त्यांचे आकडे अदलून बदलून पाहत बसणे हा विद्यार्थ्यांचा सर्वांत वेळखाऊ दोष होय. वृक्षात अटींची ती लहानात लहान जोडी शोधावी जी एकत्र नांदू शकत नाही. मग त्या अटी खऱ्या आहेत की सावधगिरीच्या, हे विचारावे. पुष्कळ लेखक न तपासलेल्या पुढील आवृत्त्यांना केवळ भीतीपोटी बंदी घालतात; ती बंदी शिथिल करून चाचणी घेता येते. पण काही अटी खऱ्याच असतात. 'नमपाय' या संख्यालायब्ररीची २.० ही आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये आली तेव्हा जुन्या आवृत्तीवर घडविलेल्या पुष्कळ लायब्ररी नव्या घडणीवाचून तिच्याबरोबर चालेनाशा झाल्या. तेथे शिथिलतेचा उपयोग नव्हता.

आय-एनएलटीके आणि ट्रान्स्फॉर्मर्स यांच्या बाबतीत पहिला प्रश्न तंत्राचा नसून गरजेचा आहे. संहितेचे तुकडे पाडण्यापुरतेच काम असेल तर ते इतर साधनांनी होते, आणि एक लायब्ररी वगळली की विरोधच उरत नाही. जुन्या निष्कर्षांशी तुलना करण्यासाठी तीच लायब्ररी हवी असेल, तर दोन माग उभारावेत, म्हणजे एकमेकांपासून विलग अशी दोन परिवेशने करावीत. एकात पायथन ३.७ आणि त्याचे जुने सोबती, दुसऱ्यात नवे. ३.७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्यामुळे ते जाळ्यापासून दूर ठेवणे इष्ट. दोहोंमध्ये देवाणघेवाण केवळ साध्या मजकुराच्या धारिकांतून व्हावी, आणि उंबरठ्यावर प्रत्येक धारिका एकाच संयोगी प्रमाणीकरणातून जावी. जोडचिन्हाने लिहिलेला ऱ्य त्याआधीच स्वतंत्र ऱ मध्ये बदलून घ्यावा लागतो, कारण ते काम कोणतेही प्रमाणीकरण करीत नाही. ॲ च्या दोन लेखनांचेही तसेच. ईल्को डोल्स्ट्रा यांनी युट्रेख्ट येथील २००६ च्या प्रबंधात मांडलेली 'निक्स' ही पद्धत हाच विलगतेचा विचार अखेरपर्यंत नेते. तीत प्रत्येक लायब्ररी तिच्या सर्व अवलंबनांसह स्वतंत्र पत्त्यावर राहते, आणि एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांची गाठ पडू शकत नाही. तिच्या शिक्षणाला लागणारा वेळ लहान विभागाला परवडेल की नाही हा भाग निराळा.

निवड झाल्यावर ती गोठवावी. प्रत्येक लायब्ररीचे नाव, नेमकी आवृत्ती आणि तिच्या धारिकेची परीक्षणमुद्रा नोंदविणारी कुलूपधारिका अनेक यंत्रणा तयार करतात. ती ध्वनिमुद्रणांसोबत व संहितेसोबत जपली पाहिजे. प्रबंधाच्या परिशिष्टात तिला जागा मिळण्यास हरकत नसावी. आपल्याकडील प्रबंधांत मुलाखतीची तारीख, ध्वनिमुद्रणयंत्राची जात, निवेदकाचे वय हे कटाक्षाने दिले जाते आणि संख्या ज्या साधनाने काढल्या त्याची आवृत्ती मात्र क्वचित् दिली जाते.

कुलूपधारिकेबरोबर आणखी एक लहान धारिका असावी. तीत त्या संहितेतीलच चाळीस-पन्नास शब्द निवडून, प्रत्येकापुढे हाताने केलेले विश्लेषण लिहिलेले असावे. शब्द निवडताना दोऱ्या, वहिफणी, यंत्रमाग, सायझिंग, इचलकरंजी, कबनूर असे निरनिराळ्या घडणीचे घ्यावेत : ऱ्य असलेले, जोडाक्षराचे, अनुस्वाराचे, उकाराचे, इंग्रजीतून आलेले. कोणतीही लायब्ररी बदलली की प्रथम ही यादी चालवून पाहावी. अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा यांत जेथे फरक पडेल तेथे थांबून, तो दोष आहे की नियमातील बदल, हे ठरवावे लागेल. यंत्रमागाची अक्षरे ४ की ५, याचा निर्णय अर्थात् यंत्राने द्यावयाचा नाही. मराठी वाचणाऱ्याच्या जाणिवेला त्र हे एक अक्षर आहे, म्हणून ४ हेच उत्तर स्वीकारार्ह वाटते; पण १५.१ पूर्वीच्या साधनांनी मोजलेल्या एखाद्या शब्दसूचीशी तुलना करावयाची असेल तर ५ देणारी जुनी आवृत्तीही जवळ ठेवावी लागेल. अशा वेळी सूचीत दोन स्तंभ ठेवून दोन्ही आकडे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर युनिकोडची आवृत्ती लिहिणे, एवढे तरी शक्य आहे.